ज्या जागची माती त्या जागी

लोणखेड्याच्या आमच्या शेताला घरात कोणी शेत म्हणत नसे. ती नेहमी 'काळी'. "काळीत जाऊन येतो," म्हणून वडील निघत आणि परतल्यावर उंबऱ्याबाहेर वहाणा झटकून म्हणत, "ज्या जागची माती त्या जागी." आम्ही मुले हसत असू. शेतातली माती आमच्या अंगणात झटकून ती कोणत्या जागी पोचणार?

वडील गेले आणि सातबारावर माझे नाव लागले. मी शहरात नोकरी करणारा माणूस. एका वर्षी एक वीटवाले गृहस्थ घरी आले. काळीखालची चिकण पिवळी माती त्यांना विटांसाठी हवी होती. आठ गुंठे, दोन हप्त्यांत. परवाना, स्वामित्वधन सारे ते पाहणार, वर खड्डा भरून देणार. मी सही केली. 1957 च्या खाण कायद्यात साध्या मातीची गणना गौण खनिजात केली आहे. मीही तिला गौणच समजलो!

त्यांनी शब्द पाळला. पहिल्या चार गुंठ्यांचा खड्डा भरून दिला. पावसाळ्यानंतर मी पाहायला गेलो, तर भोवती कापूस डोलत होता आणि मधोमध आमचे चार गुंठे बोडके, पांढुरके पडले होते. वर चुनखडीचे खडे चमकत होते. आमचे जुने सालदार बाबा बांधावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "दादा, वरची माती कुठं ठेवली होती?"

कुठेच ठेवली नव्हती. वर काळी, तिच्याखाली चुनखडीची माती आणि त्याखाली विटांची माती, असे तीन थर होते. चुनखडी विटेत चालत नाही; भट्टीत तिचा चुना होतो, पुढे तो पाणी पिऊन फुगतो आणि वीट तडकते. म्हणून ती बाजूला टाकली, आणि तिच्याच ढिगात काळीही. भरताना जी आधी निघाली होती ती तळाशी गेली. पिकाला जगवणारी हातभर माती अशी पुरून टाकली होती. दोष कोणाला द्यावा? करारात मी तिचे नावही घेतले नव्हते.

उरलेल्या चार गुंठ्यांच्या वेळी मात्र मी, बाबा आणि ते गृहस्थ कागद घेऊन बसलो. एक फूट काळी काढली, तर गुंठ्याला जवळजवळ अकरा ब्रास होते. मोकळी झाली की फुगून तेरा-चौदा. तिला आधी जागा हवी. खोदाई उन्हाळ्यातच करायची, कारण ओली काळी चाकाखाली दाबली की दगड होते. ढीग छातीपेक्षा उंच नको, आत हवा पोचली पाहिजे. त्यावर ताग पेरायचा, म्हणजे पावसाने वाहून जाणार नाही. चुनखडीचा ढीग वेगळा. आणि एका वेळी एकच गुंठा खोदायचा. दुसऱ्या गुंठ्याची चुनखडी थेट पहिल्या खड्ड्यात आणि त्याची काळी तिच्यावर. पहिल्या गुंठ्याचे ढीग शेवटच्या खड्ड्यासाठी राखायचे. माती दोनदा उचलण्याची मजुरी वाचते, हे पाहून ते गृहस्थही खूश झाले. विटांची माती गेल्याने जमीन खोलगट राहणारच. म्हणून पाणी निघून जाईल असा उतार तेवढा आखला.

जवळच, गोमाई तापीला मिळते तिथे, प्रकाशे येथे 1955 साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तिथे एकेक थर वेगळा ठेवून त्यांनी ताम्रपाषाण काळापर्यंतचा माग काढला. थर मिसळले असते, तर हाती नुसता ढिगारा आला असता. मला हे शहाणपण चार गुंठे घालवून आले.

आज त्या दुसऱ्या चार गुंठ्यांत कापूस आहे, थोडा बुटका, पण आहे. पहिल्या चारांत दरवर्षी शेणखत घालतो. तिथे अजून गवतच. दिवाळीला गेलो की बांधावर उभा राहतो. निघताना वहाणा झटकतो, पण घरी येऊन नव्हे, तिथेच, त्या बोडक्या तुकड्यावर.