ओढा, श्वास, लाथ, थांबा

गाण्यात जशी घराणी असतात तशी ती पोहण्यातही असतात, हे मला वयाच्या ६१ व्या वर्षी कळले. पुण्यातल्या आमच्या तलावावर सकाळी सात वाजता कुणीही येऊन पाहावे. एका कडेने फ्रीस्टाइलवाले. डोळ्यांना चष्मे, डोक्याला रबरी टोपी, पाणी फाडीत जायचे, कोलांटी मारून भिंतीशी वळायचे आणि पुन्हा फाडीत यायचे. त्यांना ना कुणाशी बोलायला सवड, ना कुणाकडे बघायला. दुसऱ्या कडेने ब्रेस्टस्ट्रोकवाले. ही मंडळी बहुधा पेन्शनर. पाणी दोन्ही हातांनी बाजूला सारीत, शेजारच्याशी गवारीच्या भावाविषयी बोलत बोलत ती पैलतीराला लागतात. पहिले घराणे दुसऱ्याला ‘बेडूक’ म्हणते. दुसरे घराणे पहिल्याला काहीच म्हणत नाही. त्याने उडवलेले पाणी तोंडावरून तेवढे पुसते.

गेल्या चैत्रात मी या बेडकांच्या घराण्याचा गंडा बांधला.

आणि घराणे काही ऐरेगैरे नाही, बरे का! १८४४ साली उत्तर अमेरिकेतले दोन ओजिब्वे पोहणारे लंडनला गेले आणि हात पाण्याबाहेर उचलून कसे पोहतात ते त्यांनी शर्यत लावून दाखवले. त्यांचा वेग सर्वांना दिसला. पण इंग्रजांच्या डोळ्यांत खुपले ते उडणारे पाणी. सभ्य माणसाने असे पाणी उडवीत जाणे त्यांना रुचले नाही आणि पुढे कितीतरी वर्षे ते आपला ब्रेस्टस्ट्रोकच मारीत राहिले. १८७५ च्या ऑगस्टात कॅप्टन मॅथ्यू वेब इंग्लिश खाडी पोहून गेला तोही याच पद्धतीने. पावणेबावीस तास लागले त्याला. फ्रीस्टाइलवाल्यांपैकी कुणी फार नाक वर करू लागला की मी मनातल्या मनात वेबसाहेबांचे नाव घेते.

आम्हांला शिकवते ती मुलगी असेल चोवीस-पंचवीस वर्षांची. ती मला ‘काकू’ म्हणते. मी तिला पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हटले, दुसऱ्या दिवशी ‘बाई’ म्हटले आणि तिसऱ्या दिवसापासून ‘अगं’ म्हणते. पण शिस्तीला ती कडक. पहिले चार दिवस तिने आम्हां सहाजणींना पोहू दिलेच नाही. कठडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचे आणि बुडबुडे सोडायचे. सहा बायका ओळीने उभ्या राहून बुडबुडे सोडताहेत, हे दृश्य काठावरून पाहणाऱ्याला आधणाचे पाणी उकळल्यासारखे दिसत असले पाहिजे. पण त्यात मर्म आहे. नवशिका माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. मग डोके वर आल्याबरोबर त्या निमिषभरात त्याला जुना श्वास सोडायचा असतो आणि नवा घ्यायचाही असतो. दोन्ही अर्धवट राहतात, छाती भरत नाही, आणि आपण बुडतो आहोत असे त्याला वाटू लागते. श्वास सोडायचा तो पाण्यात. वर आल्यावर फक्त घ्यायचा. इतकी साधी गोष्ट शिकायला मला चार दिवस लागले, आणि ते काही जास्त नव्हेत असे माझे मत आहे.

पायांचे प्रकरण मात्र लांबले. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचे काम मुख्यतः हात करतात, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मोठा वाटा पायांचा. टाचा मागे, थेट बैठकीपर्यंत ओढून घ्यायच्या, पावले बाहेर वळवायची आणि मग दोन्ही पायांनी पाण्याला मागे लोटून पाय एकमेकांना जोडायचे. लोटायचे ते पोटरीच्या आणि पावलाच्या आतल्या बाजूने. सगळी गोम आहे ती पावले वळवण्यात. मला चार्ली चॅप्लिनची चाल आठवली. ती म्हणाली, “काकू, बदक आठवा, बदक!” पिढ्यांचे अंतर म्हणतात ते हेच असावे. गुडघे फार फाकवायचे नाहीत, हेही तिने बजावून सांगितले. ही लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण देते, आणि आमच्या वयाचे गुडघे आधीच रुसलेले. घरी पलंगावर पालथी पडून मी टाचा ओढण्याचा सराव करू लागले, तेव्हा आमच्या घरच्यांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता विचारले, “पलीकडच्या काठाला पोचलीस की हाक मार. चहा टाकतो.”

हात, श्वास आणि पाय वेगवेगळे जमले, की ते एका सुतात ओवायचे. त्यासाठी तिने एक मंत्र दिला आहे. काठावरून ती टाळी वाजवून म्हणते, “ओढा, श्वास, लाथ, थांबा!” ओढा म्हणजे हातांनी पाणी ओढा. पण माझे मन द्वाड. ‘ओढा’ म्हटले की त्याला गावाबाहेरचा ओढाच दिसतो, आणि ओढा दिसला की त्याच्या पुढची नदी.

मी मूळची सांगलीची. तलावावर हे कळल्यावर प्रत्येकीने आश्चर्य केले. “कृष्णाकाठच्या ना तुम्ही? आणि पोहता येत नाही?” त्यांचे बरोबर आहे. आमचा वाडा गावभागात. विष्णू घाट हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात गल्लीतली यच्चयावत मुले पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून घाटावर नेली जात. काका मंडळी त्यांना पाण्यात ढकलीत, ती गटांगळ्या खात, रडत, आणि पंधरा दिवसांत मासे होत. माझा दादा तर पुढे पूर आला की आयर्विन पुलावरून उडी मारणाऱ्यांत जाऊन उभा राही. आम्ही मुलीही घाटावर जात होतो. धुणे घेऊन. आई, काकू, आत्या आणि मी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून चादरी पिळीत असू. रोज, बारा महिने. विचार केला तर घरातल्या पुरुषांपेक्षा बायकाच नदीच्या अधिक सहवासात. पण डबा बांधला गेला तो मुलांच्याच पाठीवर. कुणी मुद्दाम बंदी केली होती असेही नव्हे. कुणाला ते सुचले नाही, एवढेच. बंदीविरुद्ध निदान भांडता तरी येते.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची खूण. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेली माणसेही ‘इतके येणार नाही’ म्हणून घरातच राहिली होती. आमच्या वाड्याच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. आई, दादा आणि वहिनी वर माडीवर, आणि मी पुण्यात फोन कानाला लावून. आई एरवी फोनवर पाऊसपाणी, दुखणीखुपणी, सगळे सांगते. त्या दोन दिवसांत ती फक्त आकडा सांगत होती. “नऊ राहिल्या.” रात्री, “सात.” पहाटे, “पाच.” मग वीज नसल्याने फोन मिटला. त्याच दिवशी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली. गेलेल्यांत बायका पुष्कळ होत्या. बातमी ऐकली तेव्हा माझी माणसे माडीवर आहेत की नावेत, हे मला ठाऊक नव्हते. मनात मात्र एक हिशेब आपोआप मांडला गेला: दादाला पोहता येते, वहिनीला येत नाही, आईला येत नाही. तो हिशेब मी दीड दिवस करीत होते.

ती सुखरूप निघाली. नारिंगी जाकिटे घालून, जवानांच्या बोटीतून. आईने बोटीत बसताना देवांचा डबा पोटाशी धरला होता आणि काठ येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

पोहायला शिकले म्हणजे पुराला तोंड देता येईल, अशा भ्रमात मी नाही. तलावातले पाणी पाळलेले असते. पुराच्या पाण्याला ओढ असते, भोवरे असतात, त्यातून तारा, झाडे आणि पत्रे वाहत येतात. तिथे भल्याभल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचे चालत नाही. जाकीट आणि वेळीच घर सोडणे, हेच खरे. पण त्या हिशेबातल्या ‘येत नाही’पैकी निदान आपल्या नावापुढचे पुसावे, असे माझ्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी करोनाने तलावांना कुलपे लागली, मग बँकेतली शेवटची वर्षे, बदली, मुलीचे बाळंतपण. गेल्या चैत्रापर्यंत ते राहिले.

आता मंत्रातले शेवटचे अक्षर. थांबा. ओढणे, श्वास घेणे, लाथ मारणे हे मी जून संपेपर्यंत शिकले. थांबणे श्रावणापर्यंत जमत नव्हते. लाथ मारून झाली की हात पुढे लांब, पाय जोडलेले, डोके दंडांच्या मध्ये आणि काही करायचे नाही. शरीर पाण्यात सपाट आणि अरुंद असते, पाणी सर्वांत कमी अडवते, आणि मिळालेली गती फुकट पुढे नेते. घाईने हात ओढायला घेतले की ती गती आपणच मोडतो. हे मला पटत होते, पण हातांना पटत नव्हते. चाळीस वर्षे एका हाताने कुकर लावीत दुसऱ्याने मुलीची वेणी घातलेली. हात रिकामे ठेवले की काहीतरी करपेल असे वाटते. “काकू, घाई कसली आहे? पाणी नेतंय ना तुम्हांला!” ती काठावरून ओरडे. छातीत हवा भरलेली असली की बहुतेक माणसे तरंगतात, हे मी शाळेत आर्किमिडीजच्या धड्यात शिकले आहे. परीक्षेत गुणही मिळाले होते. त्या गुणांवर विसंबून पाण्यात नुसते पडून राहायचे म्हणजे काय, ते श्रावणातल्या एका शुक्रवारी समजले. लाथ मारली, थांबले, आणि खालच्या निळ्या फरश्या माझ्या काही न करता एकामागून एक मागे जाऊ लागल्या.

भाद्रपदात मी खोल बाजूच्या भिंतीपर्यंत गेले. पंचवीस मीटर. ब्रेस्टस्ट्रोकचा नियम असा, की भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. स्पर्धेत एक हात आधी लागला तर बाद करतात. माझी कसली आली आहे स्पर्धा! पण तिने तोही नियम पाळायला लावला.

संध्याकाळी आईला फोन केला. ती ८४ वर्षांची. पाऊसपाणी झाले, गुडघे झाले, मग मी सांगितले.

“मध्ये पाय टेकतात का गं?” तिने विचारले.

“नाही. पुरुषभर पाणी आहे.”

“मग धरायला काय असतं?”

“काही नसतं.”

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले, फोन लागायचा बंद झाला.

“पाणी गार असतं का गं?” तिने विचारले.