कड्याखालचं पाणी

कोंग्सफ्योर्डच्या आतल्या टोकाकडे बोट वळली आणि पाण्याचा रंगच बदलला. करड्या-निळ्या पाण्यात आधी तांबूस पट्टे आले, मग सगळंच पाणी तांबडं गढूळ झालं. पावसाळ्यात कोकणातल्या वाशिष्ठी नदीला येतं ना, अगदी तसं. उत्तर ध्रुव इथून जेमतेम बाराशे किलोमीटर. स्वालबार्डच्या या बर्फाळ मुलखात लाल पाणी बघायला मिळेल असं मनातही आलं नव्हतं. पण समोरची क्रोनेब्रीन हिमनदी डोंगरातला तांबडा खडक भरडत येते आणि तो चुरा फ्योर्डमध्ये ओतते. तिच्यामागे स्वेआ, नोरा आणि डाना ही तीन शिखरं उभी होती. त्यांच्या अंगावरही त्याच तांबड्या खडकाचे आडवे थर उन्हात स्पष्ट दिसत होते.

डाव्या हाताला ब्लोमस्ट्रांड मागे पडलं होतं. जुन्या नकाशांवर हे द्वीपकल्प आहे. १९९० च्या दशकात तिथली हिमनदी मागे हटली, खालून समुद्र निघाला आणि तेव्हा कळलं की हे तर बेट! अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज माणसाने १९११ मध्ये इथे संगमरवराची खाण काढली होती. दगड आतून भेगाळलेला निघाला आणि सगळा डाव फसला. त्याची यंत्रं अजून किनाऱ्यावर गंजत पडली आहेत.

कप्तानाने क्रोनेब्रीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बर्फाच्या कड्यापासून बरंच अंतर राखून इंजिन बंद केलं. कडा कधी कोसळेल याचा नेम नसतो आणि कोसळला की उठणारी लाट छोट्या बोटीला पेलणारी नसते. इंजिन थांबलं आणि चहूबाजूंनी बारीक तडतड ऐकू येऊ लागली. बोटीवरच्या वाटाड्या मुलीने जाळीने बर्फाचा एक तुकडा वर ओढून माझ्या हातात दिला. काचेसारखा स्वच्छ, आणि आत असंख्य बारीक बुडबुडे. कानाशी धरला तर आत काहीतरी सतत फुटत होतं. बर्फावर वर्षानुवर्षं बर्फ साचत गेला, त्या भाराखाली दबलेली जुनी हवा होती ती. बर्फ वितळला की ती सुटते. बोटं बधिर झाली तरी तो तुकडा खाली ठेववेना.

कडा निळा असतो हे छायाचित्रांतून माहीत होतं. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. पण खरी गजबज होती कड्याच्या पायथ्याशी. तिथे किटिवेक पक्ष्यांचा नुसता गोंगाट चालला होता. पंखांची टोकं काळी, अंग पांढरंशुभ्र. एकाच जागी झेपावत होते, पाण्याला चोच लावून पुन्हा उठत होते. वितळलेलं गोडं पाणी हिमनदीच्या तळाशी वाट काढत येतं आणि समुद्राच्या खोलीत बाहेर पडतं. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकं, म्हणून कड्याला लागून उसळी घेत वर येतं. येताना खोलातले बारीक जीव सोबत आणतं. पक्षी त्यांच्यावर तुटून पडतात. इतक्या थंड, इतक्या गढूळ पाण्यात एवढं जगणं चाललेलं असतं, हे मला कडा कोसळण्याच्या दृश्याहून कितीतरी मोठं वाटलं.

ही हिमनदी उन्हाळ्यात दिवसाला दोन मीटरच्या आसपास पुढे सरकते. तरीही तिचं तोंड मागे मागे जातंय, कारण जेवढा बर्फ मागून येतो त्यापेक्षा जास्त तुटतो आणि वितळतो. अटलांटिकचं उबदार पाणी आता फ्योर्डमध्ये खोलवर शिरतं.

या पाण्याची नोंद ठेवणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. याच फ्योर्डच्या काठावरच्या न्यू-ओलेसुंडमधलं ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र २००८ पासून चालू आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे आहे. २०१४ च्या जुलैत याच फ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही भारतीय उपकरणांची साखळी नांगरून ठेवली गेली. पाण्याचं तापमान, खारटपणा मोजत ती हिवाळ्याच्या काळोखातही काम करत राहते. वरून जाणाऱ्या बोटीतून मात्र तिचा काही मागमूस लागत नाही.

क्रोनेब्रीनचं तोंड उद्या मागे हटत जमिनीवर गेलं, तर गोडं पाणी ओढ्यासारखं वरच्या वर समुद्रात येईल. तळातून उसळी मारणार नाही. मग पक्ष्यांचं हे जेवणघर उठलंच म्हणायचं.

म्हणून एक सांगणं आहे. कधी अशा बोटीत बसायची संधी मिळाली, तर कडा कोसळण्याची वाट बघत कॅमेरा रोखून बसू नका. बोट अजून जवळ घ्या म्हणून कप्तानाला गळ तर मुळीच घालू नका. पक्षी कुठे झेपावताहेत तेवढं बघा. हिमनदीचं काम तिथे चाललेलं असतं.