भीती आणि भरवसा

भय वाटताच अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, तळहातांना घाम सुटतो. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बेधडक सौदा करणारा शेतकरीही माझ्या दवाखान्यात रक्ततपासणीचा अहवाल हाती घेताना थरथरतो. भीती अशी देहात उतरलेली असते. नुसत्या धीराच्या शब्दांनी ती जात नाही.

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन ख्रिस्ती भगिनी स्तनातील गाठ दाखवण्यास आल्या. गाठ हाताला लागून चार महिने लोटले होते. ‘‘देवावर माझा भाव आहे डॉक्टर, मग तपासणी कशाला?’’ त्या म्हणाल्या. परंतु त्यांचे हात गार पडले होते. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, मात्र तपासल्यावाचून ते कळत नाही आणि विलंबाने धोका वाढतो, हे मी समजावले. त्या मान खाली घालून बसून राहिल्या.

मीही त्याच श्रद्धेत वाढलो आहे. म्हणून त्यांना गेथशेमाने बागेची आठवण करून दिली. परंपरेने वैद्य मानला गेलेला लूक आपल्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या येशूच्या घामाचे वर्णन रक्ताच्या थेंबांसारखा असे करतो. प्रभूनेही हे दुःख टळावे अशी विनवणी केली. मग पित्याच्या इच्छेवर स्वतःला सोपवून तो पुढे गेला. ‘‘ताई, भीती वाटणे हा अविश्वास नव्हे,’’ मी म्हणालो.

आमच्या भागापासून भीमा ओलांडून दौंडच्या पलीकडे केडगाव आहे. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापक पंडिता रमाबाई यांनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. उपासमार म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. तरीही 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. त्यांनी देवावर भार टाकला, पण हात जोडून बसून राहिल्या नाहीत. केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, छापखाना चालला. त्यांच्या ठायी प्रार्थना आणि परिश्रम एकत्र नांदले.

त्या भगिनी पुढच्याच आठवड्यात नगरला जाऊन तपासणी करून आल्या. गाठ कर्करोगाचीच निघाली. शस्त्रक्रियेस निघण्यापूर्वी त्या म्हणाल्या, ‘‘भीती आहेच डॉक्टर, पण आता तिच्यासकट जाते.’’ शस्त्रक्रिया झाली, पुढील उपचारही पूर्ण झाले. आजही त्या ठरल्या दिवशी तपासणीस येतात.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरातील रुग्ण घाबरला, तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे त्यास कधी म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, प्रार्थना करावी. शांतपणे केलेल्या प्रार्थनेत श्वास संथ होतो आणि नाडीही हळूहळू स्थिरावते. मात्र प्रार्थनेच्या भरवशावर औषध बंद करू नये, तपासणी पुढे ढकलू नये. प्रार्थना संपल्यावर रुग्णाचा हात धरून त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालावे.