आधी बूट दाखवा

चाकणच्या एखाद्या कारखान्यातून ऑफिसच्या कार्पेटसाठी बोलावणं आलं की सॅम्पलची पेटी मी आधी गाडीतच ठेवतो. शॉप फ्लोअरवरून ऑफिसात यायचं दार कुठे आहे ते बघतो आणि त्या दारातून येणाऱ्या एखाद्याला, जमेल तितक्या अदबीनं, बुटाचा तळ दाखवायला सांगतो. लोक हसतात. मग कुणीतरी पाय वळवतो आणि सेफ्टी शूजच्या खाचांत अडकलेल्या ॲल्युमिनियमच्या, लोखंडाच्या बारीक चिप्स दिसतात. त्यांच्यावर कूलंटचा ओशट थर असतो.

माझे वडील भोसरीत टर्नर होते. त्यांचे कामाचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची आणि बूट दाराबाहेरच काढायला लावायची. त्या चिपा एकदा सतरंजीत शिरल्या की कितीही झटका, कुणाच्या तरी पायात घुसेपर्यंत सापडत नसत. कार्पेटच्या कामात पडलो तेव्हा मला धाग्यांची नावंही धड येत नव्हती, पण एवढं ठाऊक होतं.

कार्पेटची वाट लागते ती अशीच. वाळू आणि चिप्स धाग्याच्या मुळाशी जाऊन बसतात, वरून माणसं चालत राहतात आणि धागा मुळापाशी थोडा थोडा कापला जातो. तेल लागलं की त्यावर धूळ धरते. दारापासून कॉन्फरन्स रूमपर्यंत काळपट पायवाट उमटते आणि साहेब फोन करून सांगतात, ‘तुमच्या मालाचा रंग गेला.’ रंग बहुतेक वेळा जागेवर असतो, झिजलेला असतो तो धागा.

म्हणून माझ्या कोटेशनमध्ये पहिली ओळ दारातल्या मॅटची असते. दोन्ही पाय दोन-तीनदा तरी पडतील एवढी लांब, आधी खरवडणारी आणि मग पुसणारी. खरेदी विभाग सगळ्यात आधी हीच ओळ खोडतो. त्यांना ती चैन वाटते. मी ती पुन्हा लिहितो. तरी खोडली तर ऑफिसला व्हिनाइल घ्या म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो. कार्पेट विकणाऱ्यानं कार्पेट नको म्हणावं याचं लोकांना नवल वाटतं. पण या पट्ट्यात कुठे नको ते सांगता आलं तरच हा धंदा टिकतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, आकुर्डीत बजाज. त्या काळच्या ऑफिसांत मोझॅकची फरशी असायची आणि गालिचा असला तर फक्त मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. कुणाच्या पायाखाली काय आहे यावरून त्याचा हुद्दा कळायचा. 2009-10 च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे कारखाने उभे राहिले, त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे आले. परदेशी ऑफिसांसारखे भिंती नसलेले मोठे हॉल आले आणि केबिनमधलं कार्पेट हॉलभर पसरलं. आता त्यावरून साहेबही जातो आणि रिपोर्टवर सही घ्यायला लाइनवरून धावत आलेला सुपरवायझरही. हुद्द्याची भानगड मिटली हे चांगलंच झालं, पण चिप्स आत आल्या.

इथल्या गिऱ्हाइकाची एक गंमत आहे. शहरातल्या शोरूममध्ये लोक कार्पेटवर हात फिरवून बघतात. चाकणचा क्वालिटी इंजिनिअर खिशातून किल्ली काढून सॅम्पल खरवडतो आणि रिपोर्ट मागतो. चाकांच्या खुर्चीची चाचणी केली का? हो, वजन ठेवलेली चाकं 25,000 फेऱ्या फिरवून बघतात. आगीचा वर्ग कोणता? धागा रंगवलाय की रंगासकट ओढलाय? हा शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. नायलॉन वितळवतानाच त्यात रंग मिसळला असेल तर तो धाग्याच्या आरपार असतो, आणि डाग काढायला थोडं कडक औषध वापरलं तरी उडत नाही. वरून रंगवलेल्याचं तसं नसतं. एक कंपनी तर मोटारीत घालायचं कार्पेटच बनवणारी निघाली. फायबरचा सुईनं ठोकलेला जाड थर तापवायचा, साच्यात दाबून गाडीच्या तळाचा आकार द्यायचा, पाण्याच्या धारेनं भोकं पाडायची. त्यांच्या मीटिंग रूमचं काम करताना तिथला इंजिनिअर म्हणाला, “आमचं कार्पेट चिखलाच्या बुटांसाठीच असतं. तुमचं का लाड करून घेतं?” मी म्हटलं, सर, तुमच्या गाडीत चार-पाच माणसं बसतात, इथे तीन शिफ्टची माणसं चालणार. ते हसले आणि पुढच्या सॅम्पलला किल्ली लावली.

ऑफिसला मी रोल देत नाही, टाइलच देतो. 50 सेंटिमीटरचा चौकोन, चार टाइलचा एक चौरस मीटर. खोक्यात बहुधा 20 टाइल, म्हणजे 5 चौरस मीटर, सुमारे 54 चौरस फूट. ऑफिस मोजतात फुटात, माल येतो मीटरमध्ये, आणि या दोहोंच्या मध्ये बरीच भांडणं होतात. 1,000 चौरस फुटांच्या हॉलला हिशेबानं 19 खोकी पुरतात; मी 20 मागवतो आणि उरलेली त्याच ऑफिसच्या कपाटात ठेवायला लावतो. पुढच्या लॉटचा रंग हुबेहूब जुळेल याची खात्री नसते. आणि जुळला तरी नवी टाइल जुन्यांत उठून दिसतेच. त्यावर आमच्या फिटरांचा उपाय असा: पॅसेजमधली खराब टाइल काढायची, तिथे टेबलाखालची, तेवढ्याच वयाची पण कमी चाललेली टाइल आणायची, आणि नवी टेबलाखाली सरकवायची. तिकडे कोण वाकून बघतंय?

रंगात मी एकच हट्ट धरतो. एकरंगी नको, गडद काळा नको, फिका करडा तर नकोच. दोन-तीन रंगांचे धागे मिसळलेली, आखूड लूपची टाइल घ्या. आर्किटेक्ट नाराज होतात. त्यांच्या चित्रात फिका करडा फार छान दिसतो, आणि चित्रात पावसाळा नसतो.

पावसाळ्याचं दुखणं वरून तर येतंच, खालूनही येतं. नव्या इमारतीचा तळमजला, ताजा कोबा, आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली. कोबा कोरड्या हवेत दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाळतो असा अंदाज धरतात. दोन इंची कोबा म्हणजे जवळपास दोन महिने, तेही हवा कोरडी असेल तर. आषाढात मावळाकडून येणाऱ्या हवेला कोरडी म्हणायची कुणाची छाती नाही. साधी परीक्षा अशी, की दीड फुटी प्लास्टिकचा चौकोन जमिनीवर ठेवायचा, चारी कडा टेपनं बंद करायच्या आणि निदान 16 तास हात लावायचा नाही. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळा पडला तर काम थांबवायचं. मीटर असेल तर आणखी बरं. आर्द्रता 75 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय मी माल उतरवत नाही.

एकदा खालुंब्र्याच्या बाजूला एका कारखान्यात असं प्लास्टिक उचललं तर खाली अक्षरशः पाणी. आमचा जुना फिटर भदोहीकडचा, गालिच्यांच्याच मुलखातला. तो उकिडवा बसून म्हणाला, “साब, फर्श को पसीना आ रहा है.” प्रोजेक्ट मॅनेजरला दाखवलं. त्यांचे जपानी पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार होते.

“अहो, एसी लावला की सुकेल सगळं.”

“वरचं सुकेल, सर. खालचं टाइलच्या पाठीला येऊन थांबेल.”

“तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा.”

सांगितलं. दुसऱ्याच कुणीतरी तीन दिवसांत टाकून दिलं. दिवाळीच्या आधी मला परत बोलावणं आलं, तेव्हा टाइलच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या आणि खोलीला ओल्या पोत्याचा वास होता. सगळं उचललं, गम खरवडला, ओल अडवणारा इपॉक्सीचा हात दिला आणि मग नव्यानं टाकलं. पाहुण्यांनी त्यांच्या भेटीत खाली पाहिलंच नव्हतं, असं नंतर कळलं.

टाकायचं काम बघायला सोपं वाटतं. हिंजवडीच्या ऑफिसात आम्ही शुक्रवारी संध्याकाळी शिरतो आणि सोमवारी सकाळी माणसं येण्याआधी बाहेर पडतो. पहिला बराच वेळ एकही टाइल पडत नाही. हॉलचा मध्य काढायचा, सूत मारायचं, तीन-चार-पाचच्या मापानं काटकोन धरायचा. भिंतीच्या आधारानं सुरुवात करणारा फिटर मी ठेवत नाही, कारण आमच्याकडची भिंत गुण्यात असतेच असं नाही. एका टोकाला बोटभर सुटलेला फरक दुसऱ्या टोकाला वीतभर होतो. कडेला अर्ध्या टाइलपेक्षा लहान तुकडा येत असेल तर मधली रेघच सरकवायची. मग गम रोलरनं पसरायचा. तो पांढरा असतो. पारदर्शक झाला की समजायचं वाळला, तरी बोटाला चिकटतो. या घाईच्या कामात तेवढीच उसंत असते, म्हणून चहा तेव्हाच येतो. प्रत्येक टाइलच्या पाठीवर बाण असतो. सगळे बाण एका दिशेला, नाहीतर एकाआड एक आडवे-उभे, जे ठरलं असेल ते. मध्येच एक चुकला तर दिवसाउजेडी तो चौकोन वेगळ्या छटेचा दिसतो. लव असलेल्या कुठल्याही कापडाचं हे असंच. पहाटे तीनला डोळे मिटत असताना तो बाण बघत राहणं, हेच या कामातलं कसब. परभणीचा एक पोरगा आमच्याकडे आला होता, तो प्रत्येक बाण मोठ्यानं म्हणायचा, “वर, वर, वर.” सगळे वैतागले, पण त्याचा एकही बाण चुकला नाही.

घराची गोष्ट अगदी निराळी. घरात बूट येत नाहीत, ओले पाय येतात. पिंपळे सौदागरच्या एका फ्लॅटमध्ये मुलगा कव्हेंट्रीला काही वर्षं नोकरी करून परतला होता आणि त्याला बेडरूमभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट हवं होतं. तिकडच्या थंडीत सकाळी उठून पाय मऊ गोष्टीवर ठेवायची सवय लागलेली. त्याची आजी पलंगावर बसून ऐकत होती. मी रोल उलगडून दाखवला तशी म्हणाली, “एवढं मोठं पायपुसणं? आणि रोज ते पुसायचं कशानं?”

आजींनी नेमकं बोट ठेवलं होतं. आमच्याकडे रोज केर निघतो आणि ओल्या फडक्यानं फरशी पुसली जाते. भिंतीपर्यंत चिकटलेल्या कार्पेटला केरसुणी चालत नाही, फडकं तर चालतच नाही. व्हॅक्यूम लागतो, आणि तो रोज फिरवणार कोण याचं उत्तर बहुतेक घरांत बाई हेच असतं, तिला न विचारता. त्या खोलीला लागूनच बाथरूम, घरात रांगतं बाळ, आणि सूनबाईंना धुळीचा दमा. मी त्याला म्हटलं, दादा, सगळी खोली नको. याच रोलमधून पलंगाच्या दोन्ही बाजूंना पुरेल असा आठ बाय दहाचा तुकडा कापून देतो, कडेला बाइंडिंग मारून. उचलता येईल, गच्चीवर उन्हात टाकता येईल, झटकता येईल. त्याचा चेहरा पडला. लोकरीचा तरी द्या म्हणाला. लोकर उत्तम, पण कसर लागते आणि आपल्या पावसाळ्यात ओल धरते, नायलॉन घ्या. शेवटी तुकडाच घेतला. फायदा माझा निम्म्याहून कमी झाला, पण त्याच सोसायटीत पुढे तीन-चार घरं मिळाली, ती आजींनी पाठवलेली.

भिंतीपर्यंत कार्पेट मी घरात एका ठिकाणी बेलाशक देतो, सिनेमा बघायच्या खोलीत. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांत अशा खोल्या होतात. तिथे आवाज घुमू न देणं हेच काम असतं, खाली जाड अंडरले, कडेला खिळ्यांच्या पट्ट्या, आणि गुडघ्यानं ढकलायच्या किकरनं ताणून बसवायचं. दाराच्या खालून सुताराकडून बोटभर रंधून घ्यायचं, हे मात्र कार्पेट येण्याआधी. नंतर आठवलं की दार उघडत नाही, आणि तेव्हा सुतार कधीच फोन उचलत नाही.

आणखी एक कार्पेट या भागात फार चालतं, ते म्हणजे प्रदर्शनाचं. मोशीला डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं, चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये वर्षभर काही ना काही असतं. पातळ, सुईनं ठोकलेलं पॉलिप्रॉपिलीन, दुहेरी टेपवर रातोरात पसरायचं, प्रदर्शन संपलं की ओढून गुंडाळायचं. मी ते काम फारसं घेत नाही. भाव पडलेला असतो, आणि तीन-चार दिवसांसाठी टाकलेला प्लास्टिकचा लाल रस्ता कुठे जाणार हे कुणी विचारत नाही. थोडा मांडववाले नेतात, थोडा टेम्पोच्या हौद्यात अंथरला जातो, उरलेला उकिरड्यावर.

ऑफिसच्या जुन्या टाइलचं तर याहून अवघड. पाठीला डांबर नाहीतर पीव्हीसी, वर नायलॉन, दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेलं. भंगारवाला हात लावत नाही. चिखलीजवळच्या कुदळवाडीत तरी काही जण घ्यायचे, कुणाच्या शेडमध्ये अंथरायला. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली शेड-गोदामं पाडली, तेव्हापासून तेही नाही. आता काढलेला माल कुठे जाणार हे मी कोटेशनमध्येच लिहायला लागलोय. यावर्षी म्हाळुंग्याच्या एका कंपनीत काढलेल्या टाइल चांगल्या दिसतात म्हणून तिथले एक अधिकारी म्हणाले, “गावातल्या अंगणवाडीला देऊन टाकू.” मी एक टाइल पांढऱ्या कागदावर उलटी करून पाठीवर चार थापा मारल्या आणि कागद त्यांच्यापुढे धरला. चिप्स उन्हात चमकत होत्या. मग त्यांच्याच स्टोअरवाल्यानं मार्ग काढला. मशीन केलेले पार्ट ज्या ट्रॉलींवरून फिरतात त्यांच्या फळ्यांना टाइल कापून लावल्या, उलट्या, पाठ वर, म्हणजे चिप्स खाली राहतात आणि पार्टला ओरखडा जात नाही. टाइल त्यांच्याच होत्या, मी फक्त कापायची मजुरी लावली. खरेदी विभागानं त्यातही दहा टक्के कमी करून मागितले.