तळघरातला म्हातारा

स्टीफन किंगच्या 'द शायनिंग' (1977) या कादंबरीत त्याची गाठ तिसऱ्याच प्रकरणात पडते. कोलोरॅडोच्या डोंगरातलं ओव्हरलुक हॉटेल हिवाळाभर बंद राहणार आहे. नोकरी गमावलेला मास्तर जॅक टॉरन्स बायको-मुलाला घेऊन तिथं राखणदारीला येणार आहे. देखभाल करणारा वॉटसन त्याला तळघरात नेतो आणि म्हाताऱ्यापुढं उभा करतो. म्हातारा म्हणजे हॉटेलचा बॉयलर.

स्वभाव सांगायचा तर चिडका नाही, पण मनात ठेवणारा. बांधला गेला तेव्हा 250 पौंडांचा दाब सोसेल अशी छाती होती. आता काटा 180 वर गेला तर वॉटसन स्वतःही त्याच्याजवळ उभा राहायला तयार नाही. दाब वाढला की आपोआप बंद व्हावं, अशी सोय त्याच्यात नाही. आपल्या कुकरला निदान शिट्टी असते, सगळ्या घराला ऐकू जाते. हा तोंडातून अवाक्षर काढत नाही. काटा तेवढा मुंगीच्या पावलांनी पुढं सरकत राहतो. म्हाताऱ्याची मागणी एकच: दिवसातून दोनदा कुणीतरी खाली यावं, काटा बघावा, व्हॉल्व्ह फिरवून वाफ सोडावी. एवढं केलं की हा सगळी रात्र ऊब देणार.

आणि हे काम कुणाकडे सोपवलंय? जॅककडे. ज्यानं दारूच्या नशेत पोटच्या पोराचा हात मोडलाय, संतापाच्या भरात एका विद्यार्थ्याला मारून नोकरी घालवलीय, आणि आता दारू सोडून दात-ओठ खात दिवस काढतोय त्याच्याकडे. दोघंही आतल्या आत तापणारे. किंगनं त्यांना समोरासमोर उभं केलं, तिथंच पुस्तकाचा शेवट ठरला. मध्ये एकदा जॅक तळघरात असताना काटा पार पुढं गेलेला दिसतो. क्षणभर त्याच्या मनात येतं, फुटू दे, सगळ्यातून सुटका होईल. मग भाजलेल्या हातांनी तो व्हॉल्व्ह फिरवतो. त्या क्षणी जॅकला जेवढा बॉयलर ओळखतो, तेवढी त्याची बायकोही ओळखत नसेल.

शेवटी हॉटेलातली भुतं जॅकला पुरता गिळतात. मुलाच्या मागं लागायच्या नादात त्याला म्हाताऱ्याची आठवणच राहत नाही. ती आठवण करून देतो तो छोटा डॅनी. जॅक धावत खाली जातो, पण उशीर झालेला असतो. आख्खं ओव्हरलुक आगीत जातं.

या म्हाताऱ्याला एक गंमतशीर गोत्रही आहे. किंगला ही कादंबरी सुचली ती 1974 मध्ये, एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात. हंगाम संपत आला होता, हॉटेल जवळजवळ रिकामं होतं, आणि नवरा-बायको 217 नंबरच्या खोलीत उतरले होते. हे हॉटेल 1909 मध्ये सुरू केलं ते फ्रीलन ऑस्कर स्टॅन्ली यांनी. ते कोण? तर वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या स्टॅन्ली बंधूंपैकी एक! वाफेवर पैसा केलेल्या माणसाच्या वास्तूत वाफेनं उडणारं हॉटेल सुचावं, हा योगायोग भारीच.

मग सिनेमा आला, आणि म्हाताऱ्याची नोकरी गेली.

स्टॅन्ली कुब्रिकनं किंगनं लिहिलेली पटकथा बाजूला ठेवली आणि डायन जॉन्सनबरोबर स्वतःची लिहिली. 1980 च्या त्या सिनेमात बऱ्याच जणांवर कुऱ्हाड कोसळली. झाडं छाटून बनवलेले हिरवे प्राणी गेले, त्यांच्या जागी कुंपणांचा चक्रव्यूह आला. जॅकच्या हातातला लाकडी हातोडा गेला, कुऱ्हाड आली. आणि शेवटची आग गेली, बर्फ आला. जॅक त्या चक्रव्यूहात गोठून मरतो, हॉटेल जागच्या जागी उभं राहतं. कुब्रिकच्या जॅकला तापायला वेळच लागत नाही. ती भूमिका करणाऱ्या जॅक निकल्सनच्या भुवया पहिल्या मुलाखतीतच सांगतात, की हा गृहस्थ आधीच पोचलेला आहे. दाब हळूहळू वाढणार नसेल, तर दाब मोजणारा काटा कशाला हवा? कुब्रिकची भीती वाढत नाही, ती आधीपासूनच भिंतीत असते. किंग पुढं या सिनेमाला देखणी पण इंजिनच नसलेली कॅडिलॅक म्हणाला. मला वाटतं, इंजिन म्हणताना त्याच्या डोळ्यापुढं आपला म्हातारा असणार.

आगीनं मात्र हट्ट सोडला नाही. 1979 मध्ये एल्स्ट्री स्टुडिओत चित्रीकरण चालू असताना सेटच पेटला. पटकथेत नसलेली आग स्टुडिओत लागली. म्हाताऱ्याचा यात हात नव्हता, एवढं मी त्याच्या वतीनं सांगतो.

1997 मध्ये किंगनं दूरदर्शन मालिकेसाठी पुन्हा लेखणी उचलली. दिग्दर्शक मिक गॅरिस, चित्रीकरण थेट त्या स्टॅन्ली हॉटेलात. सगळ्या काढून टाकलेल्यांना मानानं परत बोलावलं: हिरवे प्राणी आले, लाकडी हातोडा आला, बॉयलरही आला. तीन भाग, साडेचार तास. शेवटी बॉयलर इमानेइतबारे फुटतो. पण ओळीबरहुकूम वागलेल्या या मालिकेत भीती कुठंतरी पातळ होते. म्हाताऱ्याला जागा मिळाली, दरारा मिळाला नाही. दिग्दर्शक पुस्तकाला किती जागला, यावर काटा चढत नाही हे तिथं कळलं.

तिसरा दिग्दर्शक माइक फ्लॅनगन. त्याच्यापुढं पेच वेगळा होता. 'डॉक्टर स्लीप' (2013) या पुढच्या कादंबरीत ओव्हरलुक केव्हाच जळून गेलंय. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांत कुब्रिकचं उभं असलेलं हॉटेल. 2019 च्या सिनेमात त्यानं कुब्रिकच्या मूळ आराखड्यांवरून ते हॉटेल पुन्हा बांधलं, आणि मोठ्या झालेल्या डॅनीला तिथं आणलं. डॅनी आधी तळघरात उतरतो आणि बॉयलर पेटवतो. थंड पडलेल्या कुब्रिकच्या वास्तूत किंगची आग परत येते. बेचाळीस वर्षं थांबलेला शेवट तेव्हा मोठ्या पडद्यावर येतो. सिनेमा पाहून किंगचाही कुब्रिकवरचा जुना राग निवळला.

हे सगळं माहीत झाल्यावर मी कुब्रिकचा सिनेमा पुन्हा पाहिला, आणि एका प्रसंगापाशी थबकलो. वरच्या मजल्यावर जॅक टाइपरायटरवर डोकं ठेवून झोपलाय, स्वप्नात ओरडतोय. त्याची किंकाळी त्याच्या बायकोच्या, वेंडीच्या, कानावर येते. ती तेव्हा कुठं असते? तळघरात. बॉयलरपाशी उभी राहून तपासणी करत असते. पगार नवऱ्याला, काम बायकोला! कुब्रिकच्या सिनेमात बॉयलर का फुटत नाही, याचं उत्तर आजवर मी दिग्दर्शकाच्या डोक्यात शोधत होतो. ते या बाईच्या हातात होतं.

पुस्तकात बापानं म्हाताऱ्याला विसरून हॉटेल उडवलं. सिनेमात आईनं न विसरता वाचवलं. आणि पोरगा मोठा झाल्यावर परत आला, त्यानं काटा बघितला आणि व्हॉल्व्हला हात लावला नाही.