खांद्याला पेलेल तेवढेच

आमच्या ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात खांद्यावर बंदूक टाकून बाजारात आलेल्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. बंदुकीचे अप्रूप मला वाटावे असे काही नव्हते. तरीही २०२३च्या उन्हाळी सुट्टीत अमेरिकेत, डेन्व्हरला थोरल्या बहिणीच्या मुलाकडे गेलो असता, एका रायफलीच्या खरेदीने माझी दोन रात्रींची झोप उडविली.

भाचा वीस वर्षांपासून तिकडे स्थायिक आहे. तिथला नागरिकही झाला आहे. शेजाऱ्यांच्या संगतीने त्याला शिकारीची ओढ लागली आणि त्या वर्षी सोडतीत एल्कच्या शिकारीचा परवाना त्याच्या नावे निघाला. एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलाचा थोराड भाऊबंद. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात जाते. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपुष्टात आणली. ते योग्यच झाले. कोलोरॅडोत मात्र एल्कांची संख्या अडीच लाखांहून अधिक असून तिथे शिकार हंगाम ठरवून, परवाने मोजून दिली जाते. शिवाय १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यावाचून परवाना मिळत नाही. हे ऐकून माझ्यातील मास्तर सुखावला.

भाच्याने रायफल हेरून ठेवली होती. दुर्बिणीसह वजन अवघे पावणेतीन किलो, आणि काडतूस .३०० विन्चेस्टर मॅग्नम. "मामा, दहा हजार फूट उंचीवर दिवसभर चढायचे असते. तिथे एकेक तोळा जाणवतो, म्हणून रायफल हलकी. जनावर मोठे, म्हणून काडतूस मोठे." युक्तिवाद बिनतोड वाटला. पण मला आबा आठवले.

आबा, म्हणजे माझे वडील आणि याचे आजोबा, तरुणपणी शिकार करीत. लष्करी जातीची काडतुसे नागरिकांना बाळगता येत नसत, म्हणून आपल्याकडे .३१५ बोअरची रायफल रूढ झाली. आबांची तीच होती. हाताशी रुळलेली, जुन्या लेखणीसारखी. १९६६च्या हिवाळ्यात शिवपुरीकडच्या रानात एका सरदार मित्राने त्यांच्या हाती स्वतःची .३७५ मॅग्नम दिली. "सांबराला हीच हवी," असा आग्रह. आबांनी आदल्या दिवशी तिचे दोन बार काढले होते. खांदा काळानिळा झाला होता. दुसऱ्या दिवशी सांबर ऐंशी पावलांवर आडवे उभे राहिले. चाप ओढण्याच्या क्षणी आबांचे डोळे मिटले. गोळी फुप्फुसाऐवजी पोटात गेली. दोन दिवस रक्ताचा माग काढला. तिसऱ्या दिवशी गिधाडांनी जागा दाखविली. त्यानंतर आबांनी रायफल हाती धरली नाही. "जनावर धाकट्या गोळीने नाही, भ्यालेल्या हाताने हाल होऊन मरते," असे ते म्हणत. मला त्यांनी ही हकीकत एकदाच सांगितली. बहिणीला कधीच नाही.

दोन रात्री विचार केला. पाहुण्याने परमुलखात उपदेश करावा का? शेवटी सांगितलेच. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, रविवारी मैदानावर चला."

नेमबाजीच्या मैदानावर एक वृद्ध शिक्षक होते. भाच्याने मित्राकडून तशीच हलकी मॅग्नम मागून आणली होती. शिक्षकांनी रायफल स्वतः भरून द्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्या खेपेस न सांगता नकली काडतूस घातले. भाच्याने चाप ओढला. नुसता 'टक' असा आवाज झाला. पण नळीचे तोंड चार बोटे खाली गेले आणि खांदा मागे हटला. धक्का नव्हताच; त्याची धास्ती मात्र होती. छडीच्या भीतीने येत असलेला शब्दही चुकीचा लिहिणारी मुले मी तीस वर्षे पाहिली आहेत. मला आणखी पुरावा नको होता.

हिशेब सरळ आहे. काडतूस तेच ठेवून आठ पौंडांची रायफल सहा पौंडांवर आणली की धक्क्याचा जोर एकतृतीयांशाने वाढतो. खांद्यावरून उतरविलेले ओझे चाप ओढताना व्याजासह परत येते. हलकी रायफल हवी, तर काडतूसही सौम्य हवे.

त्या राज्याच्या नियमानुसार एल्कसाठी गोळी किमान .२४ व्यासाची व ८५ ग्रेन वजनाची, आत शिरल्यावर फुलणारी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंडांचा आघात करणारी हवी. शिक्षकांनी सुचविलेल्या ७ एमएम-०८ रेमिंग्टन काडतुसाची १४० ग्रेनची गोळी त्या अंतरावर जवळजवळ दुप्पट आघात करते. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेल्या .२७५ रिग्बी रायफलीची गोळीही याच व्यासाची. भाच्याने त्याच जातीची सव्वातीन किलोंची रायफल घेतली. अर्धा किलो वजन वाढले. धक्का मात्र निम्म्याहूनही कमी झाला. मग सप्टेंबरपर्यंत दर रविवारी बसून, गुडघा टेकून, धाप लागलेली असताना त्याने सराव केला आणि अडीचशे यार्डांपलीकडे बार काढायचा नाही, अशी मर्यादा स्वतःला घालून घेतली.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. दुसऱ्या संध्याकाळी देखणा नर दिसला होता, पण चारशे यार्डांवर; त्याने रायफल खाली ठेवली. चौथ्या सकाळी एकशेऐंशी यार्डांवर दुसरा नर आडवा उभा राहिला. एकच गोळी. चाळीस पावलांत तो कोसळला. मांस वाया घालविणे तिथे गुन्हा आहे. ते सारे वाहून खाली आणायला दोघांना मध्यरात्र झाली. "मामा, त्या ओझ्यापुढे अर्धा किलो काहीच नव्हता," तो हसून म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "आजोबांचे ते सांबर... आईला आता सांगू का?"

मी म्हटले, "सांग."