कांचेचा दोष कीं बोटाचा?

आषाढांतली रात्र होती. आलापल्लीस चार दिवस पावसानें उसंत म्हणून दिली नव्हती. सूनबाई बाळंतपणासाठीं चंद्रपुरास रुग्णालयांत. आणि आम्ही उभयतां येथें मोबाईलकडे डोळे लावून बसलों होतों. दीडच्या सुमारास घंटा वाजली. अंगणाचें दार लावून आम्ही ओल्या हातानेंच धांवत आलों व कांचेवर बोट सरकविलें. कांच ढिम्म! उलट न दाबलेलीं चिन्हें आपोआप उघडूं लागलीं. तीन वेळां चिरंजीवांचा फोन आला व तीन वेळां वाजून बंद पडला. शेजाऱ्यांस उठवावें, तर मुलाचा क्रमांक पाठ नाहीं. तो त्या यंत्राच्याच पोटांत! ती रात्र आम्हीं कशी काढली, हें वाचकांनीं कल्पनेनेंच जाणावें. सकाळीं शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला : नात झाली, दोघी सुखरूप आहेत.

आनंदाचा भर ओसरल्यावर यंत्राचा संताप आला. दुकानदारानें कांच बदलण्याचा सल्ला दिला. परंतु जन्मभर इतरांस शिकविलेला अन्वय-व्यतिरेक एकदां स्वतः आचरावा, असें आम्हीं ठरविलें.

या कांचेस इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक व विद्युद्वाहक लेप असतो. आपलें बोटहि विद्युद्वाहक; तें टेंकतांच तेथील विद्युद्भारांत सूक्ष्म फरक पडतो व स्पर्शाचें स्थान यंत्रास कळतें. म्हणूनच आमच्या गांवच्या प्रसिद्ध सागाची कोरडी काडी कांचेवर कितीहि फिरविली, तरी व्यर्थ! अशा कांचेची कल्पना इंग्लंडांत ई. ए. जॉन्सन यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. पण पाण्याचा थेंब आणि बोट यांतील भेद ओळखतांना ती अजूनहि फसते.

प्रथम हात व कांच कोरड्या सुती फडक्यानें पुसली. बरीच सुधारणा झाली. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें; अधिक फरक नाहीं. मग चार्जर काढला, आणि चिन्हांतला भूतसंचार तत्काळ थांबला. पुन्हां लावला, पुन्हां आला! स्वस्तांतल्या चार्जरमधून येणारी विजेची खळबळ कांचेच्या सूक्ष्म मोजमापांत गोंधळ घालते. बुडबुडे धरलेलें वरचें संरक्षक आवरणहि काढून टाकलें. शेवटीं एक चिन्ह धरून कांचभर ओढून पाहिलें. कोठेंहि अडलें नाहीं. एखाद्या पट्टींत तें वारंवार अडलें असतें, तर मात्र कारागिराकडे जाणें प्राप्त होतें. आतां महत्त्वाचे क्रमांक आम्हीं वहींत उतरविले आहेत, आणि तारेचा इअरफोनहि जवळ ठेविला आहे. त्याचें बटण दाबून कांचेस न शिवतां फोन घेतां येतो.

असो. या प्रकरणानें एक जुनी आठवण जागी केली. आमच्या वर्गांत एक माडिया मुलगा महिनोन्महिने गप्प बसे. उत्तर देत नाहीं म्हणून आम्हीं त्यास मंद ठरविलें. क्वचित् छडीहि उगारली. पुढें त्याच्या भाषेंतले चार शब्द शिकून विचारलें, तेव्हां तो झरझर बोलूं लागला. कांच निर्दोष होती; ओलें बोट आमचेंच होतें.

नात बोलूं लागेल, तेव्हां याचें विस्मरण आम्हांस न होवो.